सेंद्रिय की रासायनिक? शिक्क्याआधी मात्रा विचारा

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की माझ्या ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, नातवाला द्राक्षं देऊ का नको? सगळी औषध मारलेली असतात."

मागच्या आठवड्यात हा प्रश्न विचारणाऱ्या आजींची स्वतःची चार एकर बाग आहे. पण नातवाला त्या घरची द्राक्षं देत नाहीत. नाशिकहून 'सेंद्रिय' लिहिलेला डबा मागवतात. त्यांचा मुलगा बरोबर आला होता. डोकं दुखतंय, मळमळतंय, डोळ्यांना पाणी येतंय ही त्याची तक्रार. चौकशी केली तर आदल्या दिवशी पाच तास ब्लोअरने फवारणी केलेली, तोंडाला नुसता रुमाल बांधून.

आजींना काळजी नातवाच्या ताटाची होती. विषाचा मोठा हिस्सा मात्र मुलाच्या अंगावर पडत होता, आणि उरलेला मातीत अन् विहिरीत चालला होता. निफाडमध्ये राहून प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरने यावर बोललं पाहिजे असं मला वाटतं, म्हणून आज थोडं सविस्तर लिहितो.

आधी ताटाचं बोलू

२०१० च्या हंगामात आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, हे इथल्या जुन्या बागायतदारांना चांगलं आठवतं. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडला होता. आज युरोपला जाणाऱ्या मालाची काढणीपूर्वी प्रयोगशाळेत तपासणी होते. गावच्या बाजारातल्या मालाला अशी सक्ती नाही. म्हणून आजींची शंका अगदीच निराधार नाही.

तरी नातवाला द्राक्षं द्या. वाहत्या पाण्याखाली घड नीट चोळून धुवा. त्याने सालीवरचा बराचसा अंश निघतो. जे औषध झाडात भिनतं ते धुऊन जात नाही. त्यावर उपाय एकच, शेवटची फवारणी आणि काढणी यांमध्ये लेबलवर लिहिलेले दिवस पाळणे. हे काम घरच्याच बागेत तुमच्या हातात आहे. फळं-भाज्या सोडून दिल्याने होणारं नुकसान नक्की आणि मोठं आहे, हेही लक्षात ठेवा.

पहिला डोस फवारणाऱ्याला

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांनी काही खाल्लं नव्हतं. औषध श्वासातून आणि कातडीतून गेलं.

ऑर्गनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं शरीरातलं कोलिनेस्टरेज नावाचं विकर बंद पाडतात. मग लाळ गळते, घाम फुटतो, बाहुल्या बारीक होतात, छाती भरते. सौम्य विषबाधेत नुसती डोकेदुखी आणि मळमळ असते. 'उन्हाचा त्रास' म्हणून तो माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप घेतो.

आपल्या भागातला आणखी एक प्रकार सांगतो. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावतात. हे रसायन शरीरात गेलं की दारू पचवण्याची साखळी मध्येच तुटते. दिवसभर पेस्ट लावून संध्याकाळी दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो. 'दारूच भेसळीची होती' असं सांगत पेशंट येतात. पेस्टच्या दिवसांत आणि त्यानंतरही काही दिवस दारूला हात लावायचा नाही.

उरलेलं जातं कुठे?

फवारलेलं सगळं पानावर बसत नाही. काही वाऱ्याने उडतं, काही जमिनीवर गळतं, पावसाने ओढ्याला लागतं. आपले ओढे गोदावरी आणि कादवेला मिळतात, आणि या दोन नद्यांच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वर आहे. महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर स्थळ. थंडीत तिथे स्थलांतरित पक्षी उतरतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत आपल्या बागांत फवारण्यांची घाई असते. या पाण्यात शहरांचं सांडपाणीही येतं, त्यामुळे सगळा दोष शेतीच्या माथी मारणं बरोबर नाही. पण शेतीचा वाटा आहेच.

दुसरा प्रश्न नायट्रेटचा. पिकाने न उचललेलं नत्र पाण्याबरोबर खाली झिरपतं आणि विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून बरंच जास्त असलं तर वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळसर दिसू लागतं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, त्यामुळे त्याचं प्रमाण उलट वाढतं.

मग सेंद्रिय केलं की संपलं?

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. सेंद्रिय शेतीचे फायदे खरे आहेत. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून दोन्ही पद्धती शेजारी शेजारी लावून तुलना चालू आहे. पहिल्या २१ वर्षांचे निष्कर्ष २००२ साली 'सायन्स'मध्ये छापून आले. सेंद्रिय वाफ्यांत कीटकनाशकं ९७ टक्के कमी, खत आणि ऊर्जा ३४ ते ५३ टक्के कमी लागली, जमिनीतली जीवसृष्टी समृद्ध झाली आणि उत्पादन २० टक्के घटलं. हा सौदा वाईट नाही.

पण 'सेंद्रिय' म्हणजे 'निर्धोक' नव्हे. बोर्डो मिश्रण घ्या: मोरचूद आणि चुना. डाऊनीवरचं हे जुनं औषध सेंद्रिय शेतीतही चालतं. त्यातलं तांबं कधीच विघटित होत नाही. वर्षानुवर्षं ते मातीत साठतं, गांडुळांना आणि पाण्यातल्या जिवांना मारक ठरतं. म्हणून युरोपने हेक्टरी सात वर्षांत २८ किलो तांब्याची मर्यादा घातली. १९६९ साली पोर्तुगालच्या डॉक्टरांनी बोर्डो फवारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांचा एक आजार नोंदवला. त्याचं नावच द्राक्षबागेवरून पडलं आहे: व्हाइनयार्ड स्प्रेयर्स लंग.

शेणखताचंही तेच. उघड्या उकिरड्यातून किंवा एकदम टाकलेल्या ढीगभर खतातूनही नायट्रेट विहिरीत जातं. नत्र युरियातून आलं की शेणातून, हे पाण्याला कळत नाही.

आता हिशेब पाहा. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे २० किलो नत्र असतं. शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र धरलं तर तेवढ्यासाठी चार टन खत लागेल. गोठ्यात दोन गाई उरलेल्या घरांनी ते आणायचं कुठून? २०१२ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका मोठ्या विश्लेषणात सेंद्रिय उत्पादन सरासरी २५ टक्के कमी आढळलं. पीक आणि जमीन बदलली की हा फरक कमी-जास्त होतो. तेवढंच धान्य पिकवायला जास्त जमीन लागली, तर ती कुठलं तरी रान किंवा माळ मोडूनच मिळणार. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भाताचं उत्पादन कोसळलं, आणि त्याच वर्षी बंदी मागे घ्यावी लागली.

आमचंही औषध, तुमचंही औषध

आपल्याकडे कीटकनाशकाला 'औषध'च म्हणतात. मला हा शब्द चुकीचा वाटत नाही, पण मग औषधाचे नियमही पाळा. आधी निदान, मग योग्य औषध, मोजकी मात्रा, ठरलेले दिवस.

आम्ही डॉक्टरांनी हे नियम मोडले आहेत. साध्या सर्दीला अँटिबायोटिक लिहिली. पेशंट नाराज होईल ही भीती होती. मीही तरुणपणी तसं लिहिलं आहे. आज तीच औषधं गंभीर आजारात चालेनाशी झाली आहेत. बागायतदारही भीतीपोटीच फवारतो. ढग आले, कर्ज डोक्यावर आहे, शेजाऱ्याने मारलं, मग मीही मारतो. त्याला दोष देणं सोपं आहे. एका रात्रीत डाऊनी आली तर वर्ष जातं, हे मी पेशंटच्या घरांत पाहिलं आहे.

पण या दोन चुका एकमेकींना मिळतात. भुरीवर मारलं जाणारं हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल आणि फुप्फुसातल्या बुरशीवर आम्ही देतो ते इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही एकाच घराण्यातली औषधं. नेदरलँड्समध्ये असे पेशंट सापडले, ज्यांनी ही औषधं कधीच घेतली नव्हती, तरी त्यांच्या फुप्फुसातली बुरशी त्यांना दाद देत नव्हती. तिथल्या संशोधकांनी याचा संबंध शेतात वापरल्या जाणाऱ्या बुरशीनाशकांशी जोडला. म्हणजे शेतातली जास्तीची फवारणी उद्या माझ्या चिठ्ठीतलं औषध निकामी करू शकते.

म्हणून माझं मत सरळ आहे. शिक्का कोणताही असो, गरजेपेक्षा जास्त टाकलेलं प्रत्येक किलो माती, पाणी आणि माणूस बिघडवतं. ज्यांना जमतं त्यांनी सेंद्रियकडे जरूर वळावं, टप्प्याटप्प्याने. ज्यांना आज जमत नाही त्यांनी निदान निम्म्या वाटेपर्यंत यावं. शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचं खत वाढवावं आणि रसायन मोजून वापरावं. एक माणूस पूर्ण सेंद्रिय होण्यापेक्षा शंभर जणांनी दोन-दोन फवारण्या वाचवल्या तर कादवेचं भलं जास्त होईल.

तुम्ही काय करू शकता?

बाग असेल तर:
- माती-परीक्षण आणि देठ-परीक्षण केल्याशिवाय खताचा डोस ठरवू नका.
- हवामानाचा अंदाज आणि पानावरचं लक्षण पाहून फवारा. शेजाऱ्याचा ब्लोअर सुरू झाला हे कारण नव्हे.
- डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे सर्वांत जहाल. त्यानंतर पिवळा, निळा, हिरवा.
- हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या. मजुरालाही हे सगळं द्या. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारू नका.
- रिकामे डबे ओढ्यात धुऊ नका, घरात पाण्याला वापरू नका.
- त्रास झाला तर कपडे काढून साबणाने अंग धुवा, लगेच दवाखान्यात या आणि डब्याचं लेबल बरोबर आणा. त्यावरून उपचार ठरतो.

बाग नसेल तर:
- सेंद्रिय घेताना प्रमाणपत्र विचारा. 'जैविक भारत'चं चिन्ह पाहा. द्राक्षासारख्या बहुवर्षीय पिकाला हे प्रमाणपत्र मिळायला तीन वर्षं लागतात.
- परवडत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका. हंगामातलं, जवळचं, धुतलेलं फळ खा.
- विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पीत असाल तर वर्षातून एकदा नायट्रेट तपासून घ्या, घरात तान्हं बाळ असेल तर आधी.

त्या आजींना मी एवढंच सांगितलं, "नातवाला घरची द्राक्षं धुऊन द्या. आणि डब्याचे पैसे वाचतील त्यातून मुलाला चांगला मास्क अन् हातमोजे घेऊन द्या." मुलगा हसला. पुढच्या तपासणीला येताना फवारणीची वही घेऊन ये, असं त्याला सांगितलं आहे. तुम्हीही आणा. बीपीच्या गोळ्यांबरोबर तीही पाहू.