गाडी थांबली, की शुश्रूषाही थांबते

महासाथ आणि स्मृतिभ्रंश यांचा एकत्र विचार करताना अभ्यासकांची नजर मेंदूकडे जाते, फुप्फुसांकडे जाते, फार तर रुग्णालयाकडे वळते. बजबज लोकलकडे ती क्वचितच जाते. वास्तविक २०२० सालच्या टाळेबंदीत कोलकात्यातील स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर काय गुदरले असेल, हे समजून घेण्याची सुरुवात त्या लोहमार्गापासूनच करावी लागेल.

हुगळीकाठचे बजबज हे तागाच्या गिरण्यांचे आणि तेलसाठ्यांचे गाव. इतिहासाच्या पुस्तकांत ते येते १९१४च्या ‘कोमागाता मारू’ प्रकरणामुळे. दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यातील अशा गावांतून स्त्रिया पहाटेच्या लोकलने शहर गाठतात. कुणी घरकामाला, कुणी ‘आया’ म्हणून आजाऱ्यांच्या सेवेला. महाराष्ट्रात ज्यांना ‘ब्यूरोच्या मावशी’ म्हणतात, त्याच या. मार्च २०२०च्या चौथ्या आठवड्यात या गाड्या थांबल्या आणि सर्वसामान्यांसाठी थेट ११ नोव्हेंबरला सुरू झाल्या. साडेसात महिने! एका टोकाला वृद्धाच्या घरातील आधार गेला, दुसऱ्या टोकाला बजबजमधील चूल विझू लागली.

हा आधार केवळ हातापायांचा नसतो. अल्झायमरच्या विकारात नव्या आठवणी रुजवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग फार लवकर खंगतो. ‘बाहेर साथ आहे, जाऊ नका’ हे सकाळी सांगितलेले दुपारपर्यंत पुसले जाते. सवयीची स्मृती मात्र बरीच टिकून राहते. ठरल्या वेळी येणारी बाई, तिचा आवाज, तिच्यासोबतची गल्लीतील फेरी, यांवर रुग्णाचा दिवस उभा असतो. त्यातून मुखपट्टीने चेहरा झाकला, की घरचे माणूसही परके वाटू लागते. उजेडाचे गणित तर अगदी साधे आहे. घरातील दिव्यांचा प्रकाश जेमतेम शे-दोनशे लक्स भरतो. बाहेर ढगाळ दुपारीही तो हजारो लक्स असतो. मेंदूतील जैविक घड्याळ रोज या उजेडाशी जुळवून घेते. रुग्णाला कोंडून ठेवले, की ते ढळते आणि रात्रीची झोप उडते. त्याच्यासोबत जागायचे कुणी? बहुधा सुनेने, किंवा स्वतःच थकलेल्या जोडीदाराने.

त्यातच २० मे २०२० रोजी अम्फान वादळ आले. कोलकात्यात आणि दक्षिण चोवीस परगण्यात कित्येक दिवस वीज नव्हती, दूरध्वनी मुके झाले. ज्या दूरस्थ सल्ल्यावर सारी भिस्त होती, तोही तुटला.

बंदी निराधार होती, असे कुणी म्हणू नये. मार्च ते जून २०२० या काळात इंग्लंड व वेल्समध्ये कोविडने दगावलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश व्यक्तींना आधीपासून स्मृतिभ्रंश होता. शिवाय या रोग्यांत संसर्ग ओळखणे कठीण. अमेरिकेतील सात रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या ८१७ वृद्ध कोविडरुग्णांपैकी २८ टक्क्यांना दाखल होतानाच संभ्रमावस्था होती. त्यांतील ३७ टक्क्यांना ताप वा धाप यांसारखे नेहमीचे लक्षणच नव्हते. घरच्यांना वाटणार, जुनाच आजार बळावला. तेव्हा रोज गर्दीतून येणारी परिचारिका हा धोका होताच. पण तिच्या अभावी होणारी हानीही त्याच तराजूत घालायला हवी होती. ती घातली गेली नाही, ही खरी तक्रार.

तशी जाण शासनाला नव्हती असेही नाही. २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, केंद्राने दूरवैद्यकाचे नियम प्रसिद्ध केले. स्मृतिभ्रंशासारख्या स्थितीत काळजीवाहकाला रुग्णाच्या वतीने डॉक्टरांशी बोलण्याचा अधिकार आहे, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. वैद्यकाच्या कागदावर जिला मान्यता मिळू शकत होती, ती फलाटावर मात्र अनोळखी ठरली. मुंबईतही १५ जूनपासून लोकल धावल्या त्या अत्यावश्यक सेवेतील ओळखपत्रधारकांसाठी. घरोघरी शुश्रूषा करणारीला ओळखपत्र देणार कोण? स्पेनने मार्च २०२०मध्येच वर्तनविकार असलेल्या दिव्यांगांना सोबत्यासह बाहेर पडण्याची मुभा दिली होती. इथेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर परवाना, एका परिचारिकेने एकाच घरी काम करणे, नियमित चाचणी आणि रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी धावणाऱ्या विशेष गाड्यांत काही जागा, एवढे करणे अशक्य नव्हते. ज्या घरी जाणे शक्यच नाही, तिथली मजुरी बुडू नये याचाही विचार त्यातच यायला हवा होता.

लोकल पूर्ववत झाल्यापासून दुसरी लाट येईपर्यंत जवळजवळ सहा महिने हाताशी होते. ६ मे २०२१ रोजी गाड्या पुन्हा थांबल्या; सर्वांसाठी सुरू झाल्या त्या ३१ ऑक्टोबरला.