रॉयल जेली विकताना काय सांगायचे?

मधाचा भाव आणि पेट्यांवरचा खर्च यांचा मेळ बसेनासा झाला की जोडउत्पन्न शोधणे मधपाळाला भागच पडते. मेण, पराग, प्रोपोलिस यांच्या पंगतीला आता रॉयल जेली येऊन बसली आहे. मेलीफेरा जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या सांभाळणारे आपल्यातले काहीजण ती काढूही लागले आहेत. याचे स्वागतच केले पाहिजे. काळजी वाटते ती बाटलीवरच्या मजकुराची. ‘तारुण्य टिकवते’, ‘मधुमेह घालवते’, ‘मूल होत नसेल त्यांनी घ्यावी’ असली वाक्ये आपल्या मालावर येता कामा नयेत.

या दाव्यांचा उगम राणीमाशीत आहे. रॉयल जेली म्हणजे दाई माश्यांच्या डोक्यातील ग्रंथींतून पाझरणारे अन्न. कामकरी होणाऱ्या अळीचे ते सुमारे तीन दिवसांनी आटते आणि मध-परागाचा आहार सुरू होतो. राणी होणारी अळी मात्र शेवटपर्यंत त्यातच वाढते. अंडे एकाच प्रतीचे, पण कामकरी माशी ऐन हंगामात जेमतेम दीड महिना जगते आणि राणी दोन-तीन वर्षे. हे पाहून माणसालाही तसेच आयुष्य लाभेल असे वाटणे साहजिक आहे. पण २००८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अळ्यांच्या शरीरातील एका विकराचे काम रोखले, तेव्हा आहार तोच असूनही राणी होणाऱ्या अळ्यांचे प्रमाण कितीतरी वाढले. राणी घडवण्याची सोय मुळात मधमाशीच्याच जनुकांत आहे. अन्न तिला चालना देते. माणसात घडवायला राणीच नाही.

मग हाती काय उरते? बरेच काही. ताज्या जेलीत ६० ते ७० टक्के पाणी, ९ ते १८ टक्के प्रथिने, शर्करा, थोडे स्निग्ध पदार्थ आणि ब गटातील जीवनसत्त्वे असतात. त्यांत पँटोथेनिक आम्ल विशेष. शिवाय १०-एचडीए हे तिचे खास मेदाम्ल. त्याचा जंतुरोधक गुण प्रयोगशाळेत दिसला आहे. मात्र ग्राहक दिवसाला एखादा ग्रॅम घेणार. त्यातून प्रथिने मिळतील सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि कोंबडीच्या एका अंड्यात ती सहा ग्रॅम असतात. म्हणून ‘पौष्टिक’ म्हणतानाही प्रमाण सांगितले पाहिजे.

माणसांवरचे प्रयोग झाले आहेत. जपानमध्ये निरोगी स्वयंसेवकांना सहा महिने रोज तीन ग्रॅम जेली दिली, तेव्हा रक्तपेशी आणि साखरेच्या तपासण्यांत काही सुधारणा आढळली. कोलेस्टेरॉल आणि रजोनिवृत्तीच्या त्रासाबाबतही आशादायक नोंदी आहेत. पण हे प्रयोग लहान आहेत. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये आरोग्याचे दावे तपासले आणि पुरावा अपुरा ठरवला. आपल्याकडे तर १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने मधुमेह, कर्करोग बरे करण्याच्या जाहिरातींना बंदीच आहे.

सर्वात गंभीर गोष्ट ॲलर्जीची. दम्याच्या रुग्णांना जेलीने जीवघेणा झटका आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ऑस्ट्रेलियात मृत्यूही झाले, म्हणून तिथे बाटलीवर तसा इशारा छापणे सक्तीचे आहे. आपण सक्तीची वाट कशाला पाहायची? ‘दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांनी घेऊ नये, रक्त पातळ करणारी औषधे सुरू असतील तर डॉक्टरांना विचारावे’ एवढे मराठीत, ठळक अक्षरांत छापा. समोर उभ्या गिऱ्हाईकाला आधी ‘दमा आहे का?’ हे विचारा, किंमत मागाहून सांगा.

आणि ज्याचा अभिमानाने उच्चार करावा असे आपल्याकडे आहेच: कसब. एका दिवसाच्या आतली अळी सुईने उचलायची, राणीकपात अलगद ठेवायची, तिसऱ्या दिवशी चौकट बाहेर काढायची. अळी चिमट्याने काढली की तळाशी दाटसर, दुधाळ, जिभेला आंबट-झणझणीत लागणारी जेली दिसते. एका कपात दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम. किलोभरासाठी साडेतीन ते पाच हजार कप. ती लगेच गाळून गडद काचेच्या बाटलीत भरायची आणि थंड जागी ठेवायची. उन्हातल्या टेबलावर दिवसभर मांडलेली बाटली विकणे म्हणजे स्वतःच्याच मेहनतीवर पाणी ओतणे. काढल्याची तारीख, साठवणुकीचे तापमान आणि १०-एचडीएचे प्रमाण हे तीन तपशील लेबलवर हवेतच. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ताज्या जेलीत हे प्रमाण किमान १.४ टक्के असावे लागते.

हे तपासायला लहान मधपाळाला परवडेल अशी सोय लागेल. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने आणि राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाने मिळून माफक दरात ही तपासणी उपलब्ध करून द्यावी, अशी आमची मागणी आहे. भेसळीच्या संशयाने मधाचे पुरेसे नुकसान केले आहे. रॉयल जेलीची बाजारपेठ आपल्याकडे अजून बाल्यावस्थेत आहे. तिचे नियम आपणच घालून देऊ शकतो. खरे तेवढेच सांगणारा मधपाळ पहिल्या वर्षी कमी बाटल्या विकेल, पण त्याचे गिऱ्हाईक पुढच्या वर्षी त्याच्याचकडे येईल.