ओझ्याची सायकल

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत सायकलने लांब जायचे, ही हौस मुंबईतल्या मध्यमवर्गीय घरांतही आता चांगली रुजली आहे. कोणी कोकणातल्या सड्यांवरच्या वाटा धुंडाळतो, तर कोणी थेट स्पिती गाठतो. मुलाने किंवा मुलीने हे एकदा मनावर घेतले, की पहिला प्रश्न येतो तो सायकलचा. आणि दुकानात गेले, की हलकी, देखणी, महागडी सायकल गळ्यात पडते. माझे म्हणणे असे, की पैसे मोजण्याआधी एखाद्या सकाळी दादर किंवा लोअर परळ स्टेशनबाहेर अर्धा तास उभे राहावे.

तिथे डबेवाल्यांच्या सायकली दिसतात. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना डबे लटकवलेले असतात. दूधवाल्याच्या कॅनही तशाच, मागच्या चाकाच्या दोन बाजूंना खाली टांगलेल्या. वजन खाली आणि दोन्हीकडे सारखे! लांबच्या प्रवासासाठी विकत मिळणाऱ्या महागड्या पिशव्यांचे शास्त्र याहून वेगळे नाही. पाठीवर सॅक घेऊन निघणाऱ्यांना मात्र दुसऱ्या दिवशी कंबर सगळे शिकवते.

त्या काळ्या सायकलीचे आरे मोजून पाहावेत. पुढच्या चाकाला ३२, मागच्याला ४०, कारण भार मागे पडतो. आजच्या हलक्या सायकलींना २४ किंवा २८ आरे असतात. डांबरी रस्त्यावर रिकाम्या सायकलला ते पुरतात. पण मागे पंधरा-वीस किलो आणि खाली दगडगोटे असले, की एक आरा तुटतो, चाक आउट होते आणि ब्रेकला घासू लागते. म्हणून दुकानदाराला मागच्या चाकाचे आरे विचारावेत. छत्तिसाहून कमी असतील, तर सायकल कितीही गोजिरी असो, ती या कामाची नव्हे. फ्रेमही पोलादाचीच हवी. ती तडकली तर गावातला वेल्डर सांधून देतो. ॲल्युमिनियमपुढे तो सहसा हात टेकतो.

मग काळी सायकलच का घेऊ नये? १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलींवर निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा जगप्रदक्षिणा करून मार्च १९२८ मध्ये परतले. वाटेत इराण-इराकमधली वाळवंटेही त्यांनी सायकलवरच पार केली. 'त्यांना कुठे मिळाले होते आजच्यासारखे गिअर?' असे विचारणारे काका प्रत्येक घरात असतात. पण ती मंडळी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबमध्ये तयार झालेली. आपली मुले क्लास आणि लोकल यांत वाढलेली. काळ्या सायकलीला साधारणपणे पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतात. पेडलचा एक फेरा मारला, की ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. पुढे २२ आणि मागे ३२ दाते असलेल्या २६ इंची सायकलचा तोच फेरा जेमतेम दीड मीटरचा होतो. सपाट लालबागमध्ये या फरकाचे काहीच वाटत नाही; ओझे घेऊन घाट चढताना तोच गुडघे वाचवतो.

पुढच्या चाकावरच्या स्प्रिंगा मला तरी नकोशा वाटतात. स्वस्तातल्या असल्या तर त्या जड असतात, आणि बिघडल्या तर गावात दुरुस्त होत नाहीत. दोन इंच रुंदीचा टायर, त्यात हवा थोडी कमी ठेवली, की धक्के पुरेसे खातो. मात्र टायर घेताना एक फसगत टाळावी. '२६ इंची' लिहिलेले सगळे टायर एका मापाचे नसतात. साध्या सायकलचा २६ × १ ३/८ चा टायर माउंटन बाइकच्या २६ इंची रिमवर बसतच नाही, आणि हे कळते ते भर माळावर. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत मिलिमीटरचा आकडा असतो. माउंटन बाइकच्या २६ इंचीला तो ५५९, तर त्या साध्या टायरला ५९०. घरून निघतानाच तो वहीत टिपून, त्याच मापाचा एक जादा टायर घडी घालून सोबत न्यावा.

चाचणीसाठी लांब जायला नको. दोन्ही बाजूंना आठ-आठ किलो तांदूळ बांधून रविवारी पहाटे गिरगावच्या पेव्हर ब्लॉकच्या गल्ल्यांतून एक चक्कर मारावी आणि मग चौपाटीवरून वाळकेश्वरचा चढ धरावा. तीन बत्तीला पोचल्यावर आधी कॅरिअरचे नट हाताने हलवून पाहावेत.