आधी एम, मग बी.ए.

आमच्या काळी ज्या मुलाला पुढे काय करायचं ते सुचत नसे, तो बी.ए. करी. बी.ए. होऊनही सुचलं नाही, तर एम.ए. करी. तेवढ्यात कुठेतरी कारकुनाची जागा निघे आणि सुचण्याचा प्रश्नच मिटे. आता जग पुढे गेलं. आता एम आधी येतो आणि बी.ए. मागून. न सुचणं होतं तसंच आहे. फक्त त्याची फी वाढली.

मी व्यवस्थापनशास्त्राच्या विरुद्ध नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझा राग आहे तो 'काही नाही तर एमबीए तरी करून टाक' या वाक्यावर. त्यातही 'तरी' आणि 'टाक' या दोन शब्दांवर. मुंज करून टाकतात, रंगसफेदी करून टाकतात, मोतीबिंदूही करून टाकतात. पण ज्या गोष्टीला आयुष्याची दोन वर्षं आणि वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड लागतो, ती 'करून टाकायची' म्हणजे काय?

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक चिरंजीव आहेत. यंदा इंजिनिअर झाले. नोकरी मिळाली नाही. म्हणजे त्यांनी ती शोधली नाही. मग कुणीतरी 'एमबीए' म्हणालं आणि सगळ्या इमारतीने टाळ धरला. यथावकाश कॅट नावाच्या परीक्षेचा निकाल लागला आणि मातोश्री पेढे घेऊन वर आल्या. "साठ पर्सेंटाइल हो! फर्स्ट क्लास!" मी आधी पेढा तोंडात टाकला. खरं बोलायचं असेल तर पेढा आधी खाऊन घ्यावा, हे मी अनुभवाने शिकलो आहे. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. साठ पर्सेंटाइल म्हणजे शंभर पोरांत साठ तुमच्या मागे आणि चाळीसएक तुमच्या पुढे. परीक्षेला बसणारे अडीच-तीन लाख. तेव्हा चिरंजीवांच्या पुढे जे आहेत, त्यांनी वानखेडे स्टेडियम तीनदा भरेल. हे मी मातोश्रींना सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडे त्यांचे पेढे येत नाहीत.

पण साठवाल्यांनाही पोटाशी धरणाऱ्या संस्था असतात. त्यांतल्या एकीची पुस्तिका इमारतीत फिरली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर कारंजं, आत टाय लावलेली मुलं कशाला तरी हसताहेत. सरासरी पगार : वर्षाला ११ लाख ४० हजार. हा आकडा खोटा असेलच असं नाही, आणि तीच खरी गंमत. समजा दहा मुलं पास झाली. नऊ जणांना सहा-सहा लाख मिळाले आणि दहाव्याला कुठल्याशा परदेशी कंपनीने साठ लाख दिले. करा सरासरी. बरोबर ११ लाख ४० हजार! दहाव्याचा पगार नऊ जणांच्या वडिलांना वाचायला मिळतो. शाळेत आपल्याला मध्य, मध्यक, बहुलक असं काहीतरी शिकवलं होतं. त्यातला मध्यक विचारा. ओळीने उभं केल्यावर मधल्या मुलाला काय मिळालं? उत्तर येईल : सहा लाख. तेवढ्यात समोरचे गृहस्थ चहा मागवतील आणि विषय कारंज्यावर नेतील.

आता कर्जाचं बघू. वीस लाख रुपये, व्याज दहा टक्के, मुदत दहा वर्षं. हप्ता बसतो महिना २६,४०० च्या आसपास. एकूण परतफेड ३१ लाखांच्या पुढे. शिकण्याच्या दोन वर्षांतही व्याज चढतच असतं, ते मी सोडून दिलं आहे. वर्षाला सहा लाखवाल्याच्या हातात महिना पन्नास हजारही पडत नाहीत. त्यातून हप्ता गेला की उरलेल्यात खोलीभाडं, डबा आणि तो टाय. शिवाय त्या दोन वर्षांत नोकरी केली असती तर जे मिळालं असतं, ते कुणी धरतच नाही. जमाखर्चात ही बाजू न लिहिणारा मुलगा पुढे मोठा व्यवस्थापक होणार असतो!

लोक मग अहमदाबादकडे बोट दाखवतात. जरूर दाखवावं. कलकत्ता आणि अहमदाबाद इथल्या संस्था १९६१ सालच्या. अहमदाबादला सुरुवातीपासून हार्वर्डचं साहाय्य होतं आणि मुंबईची जमनालाल बजाज १९६५ पासून आहे. पण एक गंमत ऐका. ज्या अहमदाबादेच्या नावाने आपण पन्नास वर्षं 'एमबीए, एमबीए' करत आलो, तिथे त्या अभ्यासक्रमाला एमबीएची पदवी मिळतच नव्हती. मिळत होती पदविका. पदवी देण्याचा अधिकार या संस्थांना २०१७ च्या कायद्याने आला. म्हणजे अर्धं शतक ज्या कागदाला आपण नमस्कार केला, तो कागद मुळी तो नव्हताच. आणि त्यावाचून त्या मुलांचं काही अडलं नाही. अडलं असतं तर ते आत कोण जातं आणि आत काय होतं यावरून, कागदावरून नव्हे.

आत काय होतं? एखाद्या कंपनीची खरी अडचण पुढे ठेवतात आणि विचारतात, तुम्ही काय केलं असतं? पद्धत उत्तम. पण वर्गात बसलेल्या बावीस वर्षांच्या ज्या मुलाने घरी दुधाचा हिशेबही ठेवलेला नाही, तो संपावर गेलेल्या कामगारांचं काय करायचं ते दहा मिनिटांत सांगणार! म्हणूनच अमेरिकेतल्या नामांकित संस्थांच्या वर्गात बहुतेक जण काही वर्षं नोकरी करून आलेले असतात. हैदराबादला २००१ साली सुरू झालेल्या संस्थेचा एक वर्षाचा अभ्यासक्रमही अशाच लोकांसाठी आहे.

आता दुसरी फळी. हे लोक शिक्षणाचं नाव काढलं की छाती पुढे काढतात. "मुंबईच्या डबेवाल्यांनी कुठे एमबीए केलं? मुकेश अंबानींनी तर अर्धवट सोडलं!" अहो, डबेवाला काही आईच्या पोटातून डब्यावरच्या खुणा शिकून येत नाही. जुन्या माणसाच्या मागे उन्हातान्हात फिरून शिकतो. हार्वर्डवाल्यांनी २०१० साली डबेवाल्यांवर पाठ लिहिला, तो ते अडाणी आहेत म्हणून नव्हे, तर त्यांचं शिक्षण पक्कं आहे म्हणून. आणि अंबानींनी १९८० साली स्टॅनफर्ड सोडलं, तेव्हा इकडे वडिलांना पाताळगंगेला कारखाना उभारायचा होता. चिरंजीव, तुमच्या वडिलांची पाताळगंगा कुठे आहे?

तर मग जावं कुणी? माझी भाची आहे. चाकणला एका कारखान्यात तीन वर्षं इंजिनिअर आहे. ती परवा म्हणाली, "मामा, आमच्याकडे सहा विभाग आहेत. सहाही जण पुराव्यानिशी सांगतात की आमची चूक नाही. आणि माल मात्र रोज उशिरा जातो! पैसा नेमका कुठे अडकतो ते मला दिसतं, पण आकड्यांत मांडता येत नाही, म्हणून साहेब ऐकत नाहीत. हे मला शिकायचंय." झालं! याला म्हणतात प्रवेशपात्रता. पण आमचे मेहुणे म्हणतात, "सत्ताविसावं लागलं. आता कशाला? स्थळं बघायची आहेत." हेच मेहुणे तळमजल्यावर जाऊन चिरंजीवांच्या वडिलांना "कर्ज काढा, पण शिकवा" असं सांगून आले. ज्याला विचारायला एक प्रश्न नाही त्याच्यासाठी कर्ज, आणि जिच्याकडे सहा विभागांचे प्रश्न आहेत तिच्यासाठी स्थळं! या न्यायाला व्यवस्थापनशास्त्रात काय म्हणतात ते ठाऊक नाही. मराठीत जे म्हणतात ते छापता येत नाही.

माझा पक्ष एवढाच : प्रश्न असेल तर जा, उत्तर सुचत नाही म्हणून जाऊ नका. तेव्हा फी भरण्याआधी एक पाठकोरा कागद घ्या आणि 'मला तिथे जाऊन काय विचारायचं आहे' ते तीन ओळींत लिहा. 'करिअर', 'ग्रोथ' आणि 'पॅकेज' हे शब्द वापरायचे नाहीत. तीन ओळी झाल्या तर खुशाल जा, कर्ज काढून जा, आणि मेहुण्यांना माझ्याकडे पाठवा. कागद कोरा राहिला तर मिळेल ती नोकरी धरा आणि दोन वर्षांनी तोच कागद पुन्हा काढा. पाठकोरे कागद आमच्याकडे रद्दीत पुष्कळ आहेत, हवे तेवढे न्या. संस्थेची पुस्तिका मात्र त्यासाठी उपयोगाची नाही. ती दोन्ही बाजूंनी छापलेली असते.