दिवा आलं का, बघ!

माझा नातू पहिलीत असताना पुस्तक समोर आलं की त्याचं पोट दुखायचं. सोंग नव्हतं ते, खरंच दुखायचं. डोंबिवलीतल्या आमच्या घरात रोज संध्याकाळी एकच प्रकार. त्याची आई गर्दीतून दमून घरी यायची, कुकर लावता लावता "वाच बरं एक पान" म्हणायची. तो तिसऱ्या-चौथ्या शब्दावर अडायचा, तिचा आवाज चढायचा आणि शेवट रडण्यात व्हायचा. त्यात मीही भर घालायची. "तुझा बाबा तुझ्या वयाचा असताना पेपर वाचायचा," असं मी त्याला किती वेळा ऐकवलं असेल! तसं बोलायला नको होतं, ही रुखरुख अजून आहे. म्हणूनच हे लिहिते आहे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कितीतरी घरांत संध्याकाळी हेच चाललेलं असतं.

एका रविवारी आम्ही दोघं स्लो गाडीने ठाण्याला निघालो होतो. त्याला खिडकी मिळाली होती. कोपर गेलं, पुढच्या स्टेशनात गाडी थांबली आणि पिवळ्या पाटीकडे बघत तो म्हणाला, "इदवा." मी गप्प राहिले. त्याने पुन्हा पाटीकडे पाहिलं आणि ओरडला, "आजी, दिवा!"

'इदवा' तो का म्हणाला, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, पण उच्चारताना ती अक्षराच्या नंतर येते. डोळ्याला आधी इकार दिसतो, तोंडाला आधी 'द' म्हणायचा असतो. पोर जसं लिहिलंय तसं इमानेइतबारे वाचत होतं, आणि आम्ही त्याला 'लक्ष नाही' म्हणून बोलत होतो. रफाराचंही तसंच. 'ठाकुर्ली'त तो 'ली'च्या डोक्यावर बसतो, पण म्हणायचा 'ली'च्या आधी. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांत मुलं गोंधळतात. 'ख' त्यांना 'रव' दिसतो. या अडचणी खऱ्या आहेत. मूल अडलं की नेमकं कुठे अडलं ते बघा. आळशीपणाचा शिक्का मारू नका.

त्या दिवसापासून आमचं पुस्तक म्हणजे स्टेशनच्या पाट्या. कळवा आणि कोपर सोपी. डोंबिवलीत दोन्ही वेलांट्या एकाच नावात. मुंब्र्यात अनुस्वार आणि जोडाक्षर, कल्याणात 'ल्या'. आठ स्टेशनांत बाराखडीचा बराचसा भाग फिरून येतो. शिवाय पुढचं स्टेशन कुठलं हे मुलाला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे चूक झाली तर तीही त्याची त्यालाच सापडते. रिक्षा स्टँड, दुकानांच्या पाट्या, दुधाची पिशवी, वाण्याची यादी हे सगळं वाचनच आहे. यादी तुम्ही लिहा, दुकानात ती त्याला वाचू द्या.

आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला, 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आज देशभर चालणाऱ्या अंगणवाडीचं मूळ तिथलं. मूल पुस्तकाकडे येत नसेल तर आपणही तेच करावं, वाचन त्याच्या पायाशी न्यावं.

घरी एवढं करा. रोज दहा मिनिटं, शक्यतो एकाच वेळी, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. तुम्ही मोठ्याने वाचा, बोट ओळीखालून फिरवत. एक वाक्य तुमचं, एक त्याचं. अडला तर मनात पाचपर्यंत मोजा, तरी जमलं नाही तर शब्द सांगून टाका आणि पुढे चला. गोष्ट संपल्यावर "काय शिकलास?" विचारू नका. तेच पुस्तक दहाव्यांदा मागितलं तर दहाव्यांदा वाचा. पाठ झालेलं म्हणत असला तरी म्हणू द्या, ओळखीच्या शब्दांवरच त्याची नजर स्थिरावत असते. आईबाबांना यायला रात्रीचे नऊ वाजत असतील तर आजीआजोबांनी हे काम घ्यावं. आपल्याकडे वेळ आहे, आणि आपण परीक्षा घेत नाही हे मुलाला पटायला हवं.

मूल इंग्रजी शाळेत असेल तरी घरी मराठीपासून सुरुवात करा, असं माझं ठाम मत आहे. मराठीत अक्षराचा आवाज सहसा बदलत नाही. 'चमचा' आणि 'चिमणी'तल्या 'च'सारखे थोडे अपवाद सोडले तर एकदा बाराखडी हाताशी आली की कुठलाही शब्द उलगडतो. त्या उलगडण्यातून आलेला धीर मग इंग्रजीतही कामी येतो.

पुस्तकांना फार पैसे लागत नाहीत. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' किंवा 'यश'ची पुस्तकं बघा. त्यांतली घरं आपल्या घरांसारखीच आहेत. 1971 पासून निघणाऱ्या 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. मूल मोठं होईपर्यंत ते तुम्ही वाचून दाखवायचे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 चं आणि ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 चं. मुलाला तिथे घेऊन जा, पुस्तक त्याचं त्याला निवडू द्या. जाड निवडलं, नुसती चित्रं बघून परत केलं, तरी चालेल.

एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. एवढं सगळं करूनही दुसरी-तिसरीत अक्षरं सुटत नसतील, तर शिक्षकांशी मोकळेपणाने बोला. अध्ययन अक्षमतेची तपासणी मुंबईत सायनच्या महापालिका रुग्णालयात होते, आणि तसा दाखला मिळाला तर बोर्डाच्या परीक्षेत सवलतीही मिळतात. "लोक काय म्हणतील" म्हणून थांबलात तर मुलाची वर्षं जातात.

नातू आता तिसरीत आहे. रात्रीची गोष्ट अजून मीच वाचते, कारण त्याला ती ऐकायची असते.