देवमाशाची लांबी

उमरखेड तालुक्यातील एका अंगणवाडीच्या भिंतीवर समुद्रजीवांचा एक रंगीत तक्ता टांगलेला आहे. देवमासा, खेकडा, तारामासा, अष्टपाद आणि समुद्रघोडा यांना त्यात सारख्याच मापाचे चौकोन वाटून दिलेले असून, बाईंनी छडी ठेवावी आणि मुलांनी एका सुरात नाव म्हणावे, असा तेथील परिपाठ आहे. नावे बिनचूक येतात. परंतु त्यांतील एका चार वर्षांच्या मुलीला ‘यांत सगळ्यांत मोठा कोण गं?’ असे मी सहज विचारले, तेव्हा तिने निःशंकपणे खेकड्यावर बोट ठेवले. तिचे चुकले असे म्हणवेना. खेकडा तिने नाल्यात दगडाखाली पाहिला होता, त्याच्या नांगीचा प्रसादही बहुधा घेतला होता. शिवाय चित्रकाराने त्याला देवमाशाहून बोटभर रुंदच रंगविले होते.

ज्या मुलखात लहानथोरांपैकी फारच थोड्यांनी समुद्र पाहिला आहे, तेथे हे प्राणी शिकवावेतच कशाला, अशी हरकत काही पालक घेतात. ती मला मान्य नाही. तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेशी संगम पावून प्राणहिता होते आणि प्राणहितेचे पाणी गोदावरी बंगालच्या उपसागरास नेऊन पोचविते. आपल्या नाल्यातील खेकड्याच्या अंगावरून गेलेले पाणीच तिकडे जाते, तेव्हा समुद्र हा आपल्याला अगदीच परका नाही.

दोष विषयाचा नसून क्रमाचा आहे. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हा महागड्या साधनांवाचून, भोवताली सापडेल त्या वस्तूंनिशी शिकविण्याचा मार्ग त्यांनी धरला. बोर्डीला समुद्र दाराशी होता. आपल्या दाराशी नाला आहे, गोठा आहे, एवढाच फरक.

त्यात आपल्या भाषेनेही थोडी गंमत करून ठेवली आहे. देवमासा हा मासा नव्हे, तारामासाही नव्हे. आणि ज्याला आपण घोडा म्हणतो तो समुद्रघोडा मात्र खराखुरा मासा, त्यातही असा की पिलांची अंडी पोटाच्या पिशवीत बाप वागवितो. नुसते नाव घोकणाऱ्या मुलाच्या पदरी यातले काहीच पडत नाही. उलट, डोहात डुंबणारी म्हैस श्वासासाठी जशी नाकपुड्या वर काढते, तसाच देवमासाही श्वासासाठी वर येतो, तोही पिलाला दूध पाजतो, आणि प्राणिशास्त्राच्या हिशेबी खुरांच्या जनावरांशी त्याचे दूरचे नाते आहे, हे सांगितले की गोठ्यात वाढलेले मूल कान टवकारते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या मुलांना वाळूतून समुद्राकडे निघालेली कासवाची पिले पाहावयास मिळतात. ते भाग्य आपल्या मुलांचे नाही, पण म्हशीच्या बाबतीत वेळासकरांनी आपल्याशी स्पर्धा करू नये.

राहता राहिला आकाराचा प्रश्न. निळा देवमासा सुमारे 30 मीटर लांब होतो, हे वाक्य चार वर्षांच्या मुलाला सांगणे व्यर्थ आहे. त्याऐवजी बाईंनी तेवढी सुतळी मोजून शाळेच्या पटांगणावर लांबविली, तिच्या भोवतीने फक्की टाकून देवमासा काढला, मुलांना त्याच्या शेपटीपासून तोंडापर्यंत धावावयास लावले आणि शेवटी त्याच्या डोळ्यापाशी नाल्यातला एक खेकडा आणून ठेवला, तर माझ्या त्या लहानग्या मैत्रिणीला प्रश्न पुन्हा विचारण्याची वेळ येणार नाही. तालुक्यातील सेविकाताईंना आणि गुरुजींना माझी विनंती इतकीच, की तक्ता खुशाल भिंतीवर राहू द्यावा, पण पाऊस लागण्यापूर्वी एक सकाळ यासाठी काढावी. खर्च सुतळीच्या एका गुंडीचा आणि दोन घमेली फक्कीचा. त्यासाठी पंचायत समितीच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही.