चार बोल्ट आणि डॉक्टरेट

परवा इथे ईडन प्रेरीत शेजारच्या आजोबांच्या जुन्या बीटलला इंजिन बसवलं. मागे, गिअरबॉक्सला चार बोल्टांवर. हवेवर थंड होणारं, त्यामुळे मिनेसोटाच्या थंडीत गोठायला पाणीच नाही. (हीटर मात्र यथातथाच!) जॅकने इंजिन उचललं, पण शेवटचं बोटभर अंतर मिटेना. मी बोल्ट आवळायला निघालो, तर आजोबा ओरडलेच. इंजिनाचा भार शाफ्टवर येता कामा नये. गाडी गिअरमध्ये ठेवून पुली हाताने किंचित फिरवायची, क्लचचे दाते जुळले की इंजिन अलगद आत सरकतं.

डॉक्टरेट करूनही मला हे ठाऊक नव्हतं! लहानपणी रिक्षावाले मागचं इंजिन खोलत, ते बघत उभा राहिलो की घरून हाक यायची, "हात काळे करायचेत का? अभ्यासाला बस."

माझं मत विचाराल तर इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी प्रत्येकाला रिक्षाचं इंजिन उतरवून परत चढवायला लावावं. रिक्षा चालू झाली तरच मार्क!